कोंबडीला एकादशी नसते

मोठ्या दुकानांत अंड्यांच्या खोक्यावर हल्ली एक ओळ दिसते, 'शंभर टक्के शाकाहारी खाद्यावर वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी'. खोक्यावर हिरवं पान असतं, किंमत दीडपट असते आणि आपण तो उचलून ट्रॉलीत टाकतो. मला या ओळीची नेहमी गंमत वाटते. अंडं खाणार आपण, पण ते घालणारी मात्र माळकरी हवी!

ज्याने लहानपणी उकिरड्यावर चरणारी कोंबडी पाच मिनिटं निरखून पाहिली आहे त्याला ठाऊक असतं की ही बाई काय काय खाते. किडे, मुंग्या, गांडुळं, नाकतोडे, झुरळं, सापडलं तर पालीचं पिल्लू. मध्येच गवताचं पातं, मध्येच खरकटा भात, मध्येच दोन खडे. तिचा हा जेवणाचा क्रम गबाळा दिसतो, पण त्यात एक हिशेब असतो. दाणे खाऊन जे मिळत नाही ते ती माती उकरून मिळवते.

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत गेल्या काही वर्षांत कोंबड्या आल्या आहेत. तळेगाव, मुळशी, सासवड अशा ठिकाणी ज्यांनी चार-पाच गुंठे घेतले, त्यांच्याकडे आधी कढीपत्ता आला, मग कंपोस्टचा खड्डा, मग कोंबड्या. आमच्याकडेही बारा आहेत. आणि दहातल्या आठ जणांना दोन महिन्यांत एकच प्रश्न पडतो, खाद्य घरी करता येईल का? प्रश्न रास्त आहे. तयार खाद्याचं पोतं ५० किलोचं. सहा कोंबड्या दिवसाला जेमतेम पाऊणेक किलो खाणार, म्हणजे पोतं अडीच महिने पुरणार. पावसाळ्यात अडीच महिने उघडं राहिलेलं पोतं म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

मग मंडळी कामाला लागतात. मका भरडा, बाजरी, तांदळाची कणी, कोंडा, थोडी शेंगदाण्याची पेंड. सगळं कसं स्वच्छ, सात्विक. कोंबड्या आवडीने खातात. आणि काही आठवड्यांनी अंडी कमी होतात, पिसं निस्तेज दिसायला लागतात, एकमेकींच्या पाठी टोचणं सुरू होतं. एका मित्राकडे तर निम्म्या कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या. पिसं टोचण्याला गर्दी, उकाडा, प्रखर उजेड, अंगावरच्या उवा अशी बरीच कारणं असतात हे खरं. पण खाद्यात प्रथिनांचा खड्डा असेल तर बाकी सगळं नीट करूनही ते थांबत नाही. पिसं म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन. ज्या गोष्टीची तिला कमतरता आहे ती तिला शेजारणीच्या पाठीवर दिसते, दुसरं काय!

तर मुद्दा असा की घरच्या खाद्यात प्राणिज प्रथिन घालायचं की नाही, घालायचं तर कुठलं आणि किती. यावर माझं मत ठाम आहे, पण ते थेट सांगण्याआधी थोडं गणित करू.

प्रथिन ही एक वस्तू नाही, वीसेक अमिनो आम्लांची जुळणी आहे. त्यातली काही कोंबडी स्वतः बनवू शकत नाही, ती खाद्यातूनच यावी लागतात. उकडीचे मोदक करताना सारण ढीगभर आहे पण उकड एकवीस पाऱ्यांचीच आहे, तर मोदक एकवीसच होणार. उरलेल्या सारणाचा मोदकासाठी उपयोग शून्य. अमिनो आम्लांचं तसंच आहे. मका आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यात सगळ्यांत आधी संपणारी पारी म्हणजे मेथिओनीन. शेंगदाण्याच्या पेंडीत मेथिओनीन तर कमी असतंच, पण लायसीनही कमी. म्हणून मका आणि शेंगदाणा पेंड एवढ्यावर भागवणाऱ्याच्या खाद्यात कागदावर १७ टक्के प्रथिन दिसतं आणि खुराड्यात कोंबड्या एकमेकींच्या पाठी सोलत असतात.

मासळी, दूध, अंडी, किडे यांतल्या अमिनो आम्लांचं प्रमाण कोंबडीला लागतं त्याच्या बरंच जवळ असतं. कारण सोपं आहे, तीही प्राणी आणि तेही प्राणीच. यात जादू काही नाही. पण कोंबडीपालनात बराच काळ लोकांना यात जादू वाटत होती खरी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोषणतज्ज्ञांना दिसत होतं की केवळ वनस्पतिजन्य खाद्यावर पिल्लं नीट वाढत नाहीत, अंडी उबत नाहीत. तेच थोडी मासळी किंवा यकृत घातलं की सगळं सुरळीत. त्या अज्ञात गोष्टीला त्यांनी नावच देऊन टाकलं होतं, 'प्राणिज प्रथिन घटक'. १९४८ मध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढण्यात आलं आणि कळलं की या 'घटका'चं गूढ मुख्यतः हेच होतं. म्हणजे तो प्रथिन नव्हताच! बी-१२ जिवाणू बनवतात. ते मांसात, माशात असतं, आणि कोंबड्या ज्या भुशाच्या गादीवर वावरतात त्या मुरलेल्या गादीतही थोडंफार तयार होतं.

आमच्या धंद्यात याला इंटरफेस आणि इम्प्लिमेंटेशन वेगळं करणं म्हणतात. कोंबडीला 'मासळी' लागत नाही. तिला मेथिओनीन, लायसीन, बी-१२ आणि आणखी काही गोष्टी लागतात. त्या कुठून आल्या याच्याशी तिच्या शरीराला कर्तव्य नाही. व्यापारी खाद्य शाकाहारी असू शकतं ते याचमुळे. त्यात कारखान्यात बनवलेलं मेथिओनीन आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण मापून घातलेलं असतं. खोक्यावरच्या त्या ओळीमागे मका-सोयाबरोबर रसायनांचा एक कारखानाही उभा आहे, एवढंच ती ओळ सांगत नाही. त्यात वाईट काहीच नाही. पण घरी खाद्य करणारा माणूस ती ओळ वाचून नुसता मका-पेंड कालवतो आणि कारखान्याने घातलेली चिमूट विसरतो, तिथे गोची होते.

आता बाजारातल्या प्राणिज पदार्थांकडे वळू. इथे पहिला सल्ला असा की पोत्यावरच्या 'प्रथिन अमुक टक्के' या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

हा आकडा येतो कुठून? डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत योहान क्येल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. पदार्थातला नायट्रोजन मोजायचा. त्याला ६.२५ ने गुणायचं. झालं प्रथिन. पद्धत सुंदर आहे, आजही वापरात आहे, पण ती प्रथिन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे २८७. एक किलो युरिया या चाचणीत पावणेतीन किलोंहून जास्त 'प्रथिन' दाखवतो! २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतून, आणि त्यात हजारो तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडांचं नुकसान झालं. सुक्या मासळीच्या कुटीत भेसळ करायला युरिया हा म्हणूनच जुना गडी आहे. गाय-म्हैस पोटातल्या जिवाणूंच्या जोरावर थोडा युरिया वापरू तरी शकते. कोंबडीला त्याचा उपयोग नाही, अपायच आहे.

दुसरं उदाहरण पिसांच्या भुकटीचं. प्रथिन ८० टक्क्यांहून जास्त, भाव कमी. पण पिसं म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांचं भावंडं. दाबाखाली वाफेवर शिजवून ते फोडलेलं नसेल तर कोंबडीच्या पोटात जसं गेलं तसं बाहेर येतं. आकडा खरा, उपयोग शून्य. आपल्याकडे रेझ्युमे वाचताना जी सावधगिरी बाळगतो ना, तीच इथे बाळगायची.

घरी करता येतील अशा दोन-तीन चाचण्या सांगतो. मूठभर कुटी काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा आणि थांबा. वाळू तळाशी बसते, आणि किती बसते ते बघून बहुतेकांचे डोळे उघडतात. मग बोटाला थोडी लावून जिभेवर ठेवा (हो, ठेवा, कोंबडीला किलोकिलोने घालणार आहात). खारट लागली तर सोडून द्या. युरियासाठी दोन वाट्या घ्या. दोन्हींत कुटी आणि कोमट पाणी, एकीत वर चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं. झाकून ठेवा आणि थोड्या वेळाने वास घ्या. सोया घातलेल्या वाटीतून दुसरीपेक्षा स्पष्ट उग्र, मोरीत येतो तसा वास आला तर माल परत. दुसरी वाटी कशाला? कारण शिळ्या मासळीला मुळातच थोडा तसला वास असतो. तुलनेला काहीतरी ठेवल्याशिवाय चाचणी कसली!

आता एकेक उमेदवार.

सुकी मासळी. माझं पहिलं मत हिलाच. चांगल्या कुटीत ५५-६० टक्के प्रथिन, भरपूर मेथिओनीन आणि लायसीन, बी-१२, वर हाडांमधलं कॅल्शियम-फॉस्फरस. पण तीन पथ्यं. एक, मीठ लावलेली मासळी नको. कोंबडीच्या एकूण खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत असावं. खारवलेल्या मासळीत १५ टक्के मीठ सहज असतं; तिचं खाद्यातलं प्रमाण चार टक्के ठेवलं तरी मीठ एकट्या तिच्यातूनच ०.६ टक्के झालं. मग कोंबड्या पाण्यावर तुटून पडतात, विष्ठा पातळ होते, गादी ओली होते आणि पुढचं सगळं रामायण. दोन, प्रमाण कमी ठेवा. जास्त मासळीने अंड्याला वास येतो. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांमध्ये तर जनुकीय दोषामुळे ट्रायमिथिलअमाइन हे वासाचं संयुग मोडलंच जात नाही, ते थेट बलकात उतरतं. तीन, करपलेली, काळपट कुटी घेऊ नका. मासळी फार तापवून वाळवली तर तिच्यात गिझेरोसिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते कोंबडीच्या पेषणीला जखमा करतं.

मुंबई-कोकणाशी संबंध असणाऱ्यांसाठी त्याहून सोपा उपाय म्हणजे जवळा. बहुधा बिनमिठाचा, उन्हात वाळवलेला असतो, आणि अख्खा दिसत असल्यामुळे त्यात कोणी युरिया मिसळू शकत नाही. वाळू मात्र असते. चाळून घ्या.

दूध-ताक. शाकाहारी घरांची पहिली पसंती. दुधाचं प्रथिन उत्तम, पण ताकात पाणीच फार. शंभर मिलिलिटरमध्ये जेमतेम तीन ग्रॅम प्रथिन. शिवाय कोंबडीला दुधातली साखर नीट पचत नाही, जास्त झालं की हगवण. पनीरचं किंवा चक्क्याचं उरलंसुरलं अधूनमधून घातलं तर छान, पण यावर सगळा भार टाकता येणार नाही.

अंडी. नाक मुरडू नका. उकडून कुस्करलेलं अंडं लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात देतात ते उगाच नाही. अंड्याचं प्रथिन हे पिल्लू घडवण्यासाठीच जुळवलेलं असतं. तडकलेली, विकता न येणारी अंडी उकडून परत खाद्यात गेली तर उत्तमच. कच्ची मात्र देऊ नका, एकदा चटक लागली की कोंबड्या आपलीच अंडी फोडून खायला लागतात.

किडे. माझी आत्या संगमेश्वराकडे. तिच्या अंगणात वाळवी लागलेलं लाकूड हा कचरा नव्हता, तो पिल्लांचा खुराक होता. ओंडका पिल्लांपुढे आपटायचा, बाजूला व्हायचं. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासो-टोगोकडे, शेतकरी ओलं शेण आणि काडीकचरा भरलेलं मडकं वाळवीच्या जागी पालथं घालतात आणि नंतर ते कोंबड्यांपुढे झटकतात. पिल्लांना सुरुवातीच्या आठवड्यांत खाद्यात २० टक्क्यांहून जास्त प्रथिन लागतं, आणि दाण्यांतून ते भागत नाही हे या लोकांना क्येल्डालशिवायच कळलं होतं.

आजचा किडा म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या. वाळवल्यावर ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिन, सोबत भरपूर चरबी आणि कॅल्शियम. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात कीटकांचं प्रथिन वापरायला परवानगी दिली. पण त्यात एक मेख आहे जी आपल्याकडचे उत्साही लोक वगळतात. तिथे त्या अळ्यांना हॉटेल-स्वयंपाकघरातलं खरकटं किंवा शेण-विष्ठा खाऊ घालायला बंदी आहे. म्हणजे प्रश्न 'किडा चालेल का' एवढाच नाही, 'किडा काय खाऊन मोठा झाला' हाही आहे. भाजीचे देठ, फळांच्या साली यांवर वाढवलेल्या अळ्यांना माझी पूर्ण पसंती आहे. मेलेल्या जनावरावरच्या अळ्या मात्र चुकूनही नकोत. त्यात बोट्युलिझमचं विष असू शकतं आणि कोंबडीची मान लुळी पडून ती मरते.

गांडुळं पौष्टिक खरी, पण ओल्या गांडुळाच्या वजनात ८० टक्क्यांच्या वर पाणी, आणि ती परजीवींची वाहकही असतात. मोकळी कोंबडी खाईल तेवढी खाऊ दे, मुद्दाम घमेली भरून घालायचं कारण नाही.

चिकनच्या दुकानातली आतडी, कातडी, डोकी. फुकट मिळतात म्हणून हा मोह फार जणांना होतो. माझं उत्तर साफ नाही असं आहे. राणीखेत आणि बर्ड फ्लू हे दोन्ही विषाणू कच्च्या मांसातून पसरू शकतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू पाहिला, आणि एका रोगाने तालुक्याची अर्थव्यवस्था कशी बसते तेही पाहिलं. कोंबडीचं कच्चं मांस कोंबडीला घालणं म्हणजे रोगासाठी रस्ता स्वतः डांबरी करून देणं.

आणि शेवटी कत्तलखान्यातली मांस-हाडांची भुकटी. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा बीएसई हा रोग ओळखला गेला. गाईंना गाईंचीच मांस-हाडांची भुकटी खाऊ घालण्यातून तो पसरला होता. १९८८ मध्ये तिथे ती गुराढोरांना घालायला बंदी आली, २००१ मध्ये युरोपीय संघाने जवळपास सगळ्याच पाळीव जनावरांसाठी ती बंद केली, आणि २०२१ मध्ये डुकराची कोंबडीला आणि कोंबडीची डुकराला एवढी सूट दिली. स्वतःच्याच जातीची मात्र नाहीच. आपल्या एफएसएसएआयनेही दुभत्या आणि मांसासाठीच्या जनावरांना अशी भुकटी घालायला मनाई केली, त्यातून कोंबड्या, डुकरं, मासे वगळले आहेत. म्हणजे कायद्याने कोंबडीला चालते. तरी घरी मी ती आणणार नाही. कुठल्या जनावराची, कशी शिजवलेली, हे पोत्यावरून कळत नाही. आणि जिथे कोंबड्यांच्या शेजारी शेळी किंवा गाय बांधलेली असते तिथे ती कधी ना कधी त्या घमेल्यात तोंड घालतेच.

आता सगळं एकत्र. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांसाठी दहा किलोचा एक साधा हिशेब : मका भरडा साडेपाच किलो, गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा एक किलो दोनशे, सोया पेंड एक किलो नऊशे, बिनमिठाची सुकी मासळी किंवा जवळा चारशे ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा नऊशे ग्रॅम, उरलेल्या शंभर ग्रॅममध्ये जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण आणि चिमूटभर मीठ. प्रथिन १७ टक्क्यांच्या जरासं वर, कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास. गंमत बघा, मासळी वजनाने फक्त चार टक्के आहे, पण खाद्यातल्या मेथिओनीनचा साधारण पाचवा हिस्सा तिच्यातून येतो. पिल्लांना आणि तलंगांना हेच खाद्य घालू नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. आणि मासळी नाही म्हणून कच्चं सोयाबीन भरडून घालायचं डोक्यात असेल तर थांबा. कच्च्या सोयात प्रथिन पचू न देणारे घटक असतात. तेल काढून शेकलेली पेंडच हवी.

ज्यांच्या घरात मासळी चालत नाही त्यांनी काय करायचं? घराचे नियम घराने ठरवावेत, त्यात माझी काही ढवळाढवळ नाही. पण मग पूर्ण हिशेब करा. सोया पेंडीचा थोडा भाग कमी करून तिळाची किंवा सूर्यफुलाची पेंड घाला. यांत मेथिओनीन चांगलं असतं, लायसीनची बाजू सोया सांभाळते. बी-१२ असलेलं मिश्रण वगळू नका. जमलं तर दहा किलोमागे पाच-सहा ग्रॅम मेथिओनीन पावडर घाला. हे सगळं करून कोंबड्या शाकाहारावर उत्तम राहतात. 'नैसर्गिक हवं, रसायन नको, मासळीही नको' अशी तिन्ही टोकं धरणाऱ्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या कोंबड्यांकडे आहे, पाठीवर लिहिलेलं.

आणि 'वनस्पतिजन्य म्हणजे शुद्ध' हाही भ्रम सोडू या. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते ब्राझीलहून आलेल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने. अफ्लाटॉक्सिन हे विष शास्त्राला माहीत झालं ते तिथून. आपल्या पावसाळ्यात ओलसर पेंड ही शिळ्या मासळीइतकीच घातक आहे.

मासळीची एक बोचणी मलाही आहे, ती लपवत नाही. पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारकी, अजून वाढायची असलेली मासळी कुटीच्या कारखान्यांकडे जाते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला तो या चिंतेतूनच. कुटीवर सगळा भरवसा टाकण्याचा धोका जगाने आधीही पाहिला आहे. १९७२-७३ मध्ये एल निन्योच्या सुमाराला पेरूची अँकोव्ही कोसळली, सोयाबीनचे भाव भडकले आणि १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच काही काळ रोखली. आणि सोयाही काही अढळ नाही. २०२१ मध्ये भाव इतके चढले की भारताने जीएम सोयाची १२ लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली. म्हणून माझा घरापुरता नियम असा की पापलेटच्या पोरांची कुटी विकत घ्यायची नाही. बाजारातल्या मावशींकडून मासळीची डोकी आणि काटे आणायचे, उकडून, वाळवून, कुटून घ्यायचे. जे फेकलं जाणार होतं त्यातलं प्रथिन उचलायचं. उरलेलं अळ्यांवर आणि जवळ्यावर भागवायचं. बारा कोंबड्यांना चार टक्के म्हणजे दिवसाला पन्नासेक ग्रॅम. एवढ्यासाठी समुद्र उपसायची गरज नाही.

हे सगळं दोन-चार अंड्यांसाठी जरा जास्तच होतंय असं वाटेल. पण माझ्या मते यात प्रश्न अंड्यांचा नाहीच. आत्याच्या कोंबड्यांना कोणी मेथिओनीन मोजून घातलं नाही, कारण त्या मोकळ्या होत्या. काय कमी पडतंय ते त्या स्वतः शोधायच्या. आपण मात्र कुत्र्या-मांजरांपासून, मुंगसापासून, शेजाऱ्यांच्या भाजीवाफ्यापासून जपण्यासाठी त्यांना जाळीत ठेवतो. ठेवायलाच लागतं, मान्य. पण ज्या दिवशी जाळीचं दार लावलं त्या दिवशी तिचा निवडीचा हक्क आपण काढून घेतला, आणि त्याबरोबर निवडीचं कामही आपल्याकडे आलं. आता आपल्याला काय शोभतं, काय आवडतं, खोक्यावर काय लिहिलं तर छान दिसेल, यावर तिचं ताट ठरवायचं नाही. तिच्या शरीराला काय लागतं यावर ठरवायचं.

तुम्ही खुशाल एकादशी करा. कोंबडीला ती लावू नका, आणि लावायचीच असेल तर निदान फराळाचा हिशेब नीट करा.